दुसरी सही

शांतवनला स्वतःवर विश्वास नव्हता असं अजिबात नाही. आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये त्याच्याइतका नेमका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. पण स्वतःचं कुठलंही काम दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय ते झालं असं तो मानायचाच नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर डब्याचं झाकण लावलं की शेजारच्याला म्हणायचा, "बघून घ्या जरा, नीट लागलंय का." घराला कुलूप तो घालायचा आणि ओढून त्याची बायको सुवार्ता बघायची. गॅस तिनं बंद केला तर हा जाऊन हात लावून यायचा. शिवाय त्याची एक अट असे. "मी केलंय हे विसरा, सर. मी नव्हतोच असं समजून बघा."

मी त्याचा हँगरमधला वरिष्ठ. मूळचा नागपूरचा. सव्वीस वर्षांपूर्वी एका विमानदुरुस्ती कंपनीत नोकरी लागली म्हणून सिंगापूरला आलो, टॅम्पिनीसला घर केलं आणि इथलाच झालो. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जे काम चुकलं तर विमान पडू शकतं, त्या कामाच्या कागदावर दोन सह्या लागतात. पहिली सही काम करणाऱ्याची. दुसरी, ज्यानं त्या कामाला हात लावलेला नाही अशा माणसाची. त्यानं स्वतः वर चढायचं, स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पहिल्यापासून बघायचं आणि मगच पेन उघडायचं. आमच्यासाठी हा नोकरीतला नियम होता. शांतवननं तो घरी नेला होता. आमचा सहकारी तान कपाळाला हात लावून म्हणायचा, "गुड बॉय, बट व्हेरी टायरिंग लाह!" मी त्याचं नाव 'बघूनघ्या' ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं.

तो नगरजवळच्या एका खेड्यातला, मराठी ख्रिस्ती. कामावर आला त्या पहिल्याच सकाळी माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून त्यानं हात जोडले आणि "जय भीम, सर" म्हणाला. इतक्या वर्षांत त्या हँगरमध्ये मला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या गळ्यातला बारीक क्रूस मला दिसला होता, म्हणून मीही "जय ख्रिस्त" म्हणून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी आमची ही देवाणघेवाण चाले. त्याच्या पणजोबांनी मिशनच्या शाळेची वाट धरली होती, माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली होती. तो म्हणायचा, "सर, आपण एकाच वेशीबाहेरून निघालो. फक्त एसटी वेगळी पकडली." देवाधर्माच्या बाबतीत माझी जीभ तिखट आहे, पण त्याच्या पुढ्यात ती कधी चालली नाही. माणूस इतका सरळ असला की टोमणा मारायला जागाच सापडत नाही.

रविवारी उपासना आटोपली की दोघं आमच्याकडे जेवायला यायची. सुवार्ता पासिर रिस भागातल्या एका वृद्धाश्रमात नर्स होती. बोलायला कमी, पण हसली की खळखळून हसायची. तिची आणि आमच्या कुंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, पहिल्याच दिवशी गट्टी जमली. कुंदा नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. एकदा भाकऱ्या थापताना सुवार्तानं तिला विचारलं, "काकू, इथं येऊन पुन्हा शिकवलं नाहीत?" कुंदा म्हणाली, "मला कायम केल्याचं पत्र आलं आणि त्याच महिन्यात ह्यांचं सिंगापूरचं आलं. मग काय, आलो." आणि तव्यावरची भाकरी उलटली. मी शेजारीच बसून रस्सा ओरपत होतो.

आता जे सांगायचं ते माझ्या अब्रूचं आहे, पण ते वगळून शांतवन सांगता येत नाही. त्या दिवशी एका विमानाच्या शेपटीतल्या दांड्याचं काम त्यानं केलं होतं. या दांड्यानं शेपटीची फळी वरखाली होते आणि विमान नाक वर करतं किंवा खाली घालतं. दुसरी सही माझी होती. शेपूट म्हणजे तीन मजले चढणं, आणि माझा गुडघा त्या आठवड्यात बोंबलत होता. शांतवनचं काम मी शेकडो वेळा तपासलं होतं, एकदाही खोट सापडली नव्हती. मी खालीच टेबलावर कागद ओढला आणि सही ठोकली. तो जिना उतरून आला, कागद पाहिला, मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"सर, वर गेला होतात?"

"तू केलंयस ना? झालं मग."

 त्यानं हात पुसले, कागद उचलला आणि तो सरळ क्वालिटीच्या, म्हणजे तपासणीवाल्यांच्या, ऑफिसात गेला. विमान थांबवलं गेलं. दुसऱ्या माणसानं वर जाऊन पाहिलं, काम बिनचूक होतं. पण माझा सहीचा अधिकार दोन महिने काढून घेतला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मला बावीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर पुन्हा वर्गात बसवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तान सगळ्यांसमोर म्हणाला, "युअर ओन कंट्रीमॅन, आय्या!" मी शांतवनशी बोलणं टाकलं. घरी कुंदाला सांगितलं की आपलाच माणूस आपल्यावर उलटला. ती म्हणाली, "तुम्ही बघितलं होतं का?" मी नाही म्हटलं. "मग कसला उलटला?" म्हणाली आणि दूध तापवायला गेली.

दोन आठवड्यांनी तो दारात उभा. हातात हुलग्याच्या शेंगोळ्यांचा डबा. "मीठ मी चाखलंय, मग सुवार्तानं चाखलंय," एवढं सांगून डबा कुंदाकडे दिला आणि माझ्यासमोर बसला. मी वर्तमानपत्र खाली केलं नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही कामावर सही केली नाहीत. माझ्यावर केलीत. मला ते झेपत नाही. माझी चूक झाली तर ती पकडायला तुम्ही आहात, म्हणून मी रात्रीचा झोपतो. तुम्हीच माझ्यावर विसंबलात तर मग तिथं कुणीच नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि शेंगोळ्या खाल्ल्या. तो दिवस आणि आजचा दिवस, न बघता मी कशावरही सही केलेली नाही. निदान तसं मला वाटत होतं.

त्यानंतर वर्षभरानं त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक पाहुणा आला. आफ्रिकेत छोटी विमानं चालवणाऱ्या एका मिशनरी संस्थेचा वैमानिक. जिथं रस्ता नाही तिथं ही विमानं औषधं नेतात, डॉक्टर नेतात, अडलेल्या बाळंतिणी आणतात. त्यानं पडद्यावर फोटो दाखवले. चाड नावाच्या देशातली मातीची धावपट्टी, बाभळीसारखं एक झाड, आणि त्याखाली इंजिनाचं कव्हर उघडं टाकलेलं विमान. मेकॅनिक आजारी पडून मायदेशी परतला होता, दुसरा मिळत नव्हता. शांतवननं तो फोटो वैमानिकाकडून मागून घेतला आणि मोबाइलच्या पडद्यावर लावला. मला म्हणाला, "सर, लोकांना स्वप्न पडतं, देवदूत दिसतो. मला ते उघडं कव्हर दिसलं. विमान आहे, पायलट आहे, पेशंट आहे, नट आवळणारा नाही. मला पाचारण झालंय."

पाचारण. हा शब्द ऐकला की मला कोर्टाचं समन्स आठवतं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. तो हसला. पण त्या दिवसापासून त्याची चालच बदलली. पासिर रिसच्या घरून निघून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसला की कानाला लावून फ्रेंच शिकायचा, कारण चाडमध्ये फ्रेंच चालते. नगरी वळणाचा "बोंझूर, सर" ऐकून तानसुद्धा चक्रावला. छोट्या विमानांच्या इंजिनांची पुस्तकं मागवली. एकच गोष्ट त्याला खात होती. "तिथं मी एकटाच असणार, सर. माझ्या कामाला दुसरी सही कुणाची?" मी म्हटलं, तुझा देव करेल. तो गंभीरपणे म्हणाला, "देव बघतो. पण कागदावर सही करत नाही." शेवटी त्यानं ठरवलं की वैमानिकालाच शिकवून तयार करायचं.

तो आणि सुवार्ता दोन आठवडे तिकडे जाऊनही आली. परत आल्यावर रविवारी आमच्याकडे त्यानं भात निवेपर्यंत ताट तसंच ठेवून सगळं सांगितलं. धूळ, रणरणतं ऊन, विमान उतरलं की धावत येणारी माणसं. "आम्हाला वाटलं, आम्हाला कळलं, आम्ही ठरवलं," सगळं अनेकवचनी. सुवार्ता मान हलवत होती. त्याच्याच वाक्यांचे शेवटचे शब्द ती त्याच्याबरोबर म्हणत होती, जसे आपण पाठ झालेल्या आरतीत म्हणतो. ती दोघं गेल्यावर भांडी घासता घासता कुंदा म्हणाली, "पोरीला कुणी विचारलंय का?" मी म्हटलं, मंडळीसमोर उभं राहून आपल्यालाही पाचारण झाल्याची साक्ष दिली आहे तिनं. कुंदानं नळ सोडला.

पुढच्या शनिवारी दुपारी सुवार्ता एकटीच आली. शांतवन ड्युटीवर होता. कुंदा मेथी निवडत होती, ही तिच्यासमोर बसून निवडू लागली.  मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, तुम्हाला सांगते, कारण तुमचा देव नाही."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"मला पाचारण झालेलं नाही. शांतवनला झालंय, खरंच झालंय, मी त्याचं तोंड बघितलंय. मी पण रोज विचारते. गुडघे टेकून विचारते. काही ऐकू येत नाही. तिकडे गेलो तेव्हा वाटलं, तिथं तरी ऐकू येईल. तिथं फक्त शेळ्या ओरडत होत्या."

"मग साक्ष?"

"त्यानं लिहिली होती ती पाठ होती मला. फक्त 'मी'च्या जागी 'आम्ही' म्हटलं."

कुंदानं तिच्या हातातली जुडी काढून घेतली. सुवार्ता रडत नव्हती, उलट तिला मोकळं वाटत असावं. म्हणाली, आश्रमात तिसऱ्या मजल्यावर एक आह-मा आहे, नव्वदीची चिनी आजी, तिला मराठी कळत नाही आणि हिला तिची बोली कळत नाही. ती फक्त हिच्याच हातून पेज पिते. "त्या खोलीत गेलं की मला वाटतं, मी इथंच हवी आहे. ते पाचारण असतं का, काका? मंडळीत विचारलं तर सगळे माझ्यासाठी प्रार्थनेला बसतील. मग मला हो म्हणावंच लागेल. शांतवनला सांगू नका."

सांगणार नाही असं मी बोलून बसलो. आणि पंधरा दिवसांत त्या संस्थेचा ईमेल माझ्या नावानं येऊन पडला. उमेदवाराच्या वरिष्ठांनी भरायचा फॉर्म. शांतवननंच माझं नाव दिलं होतं. "आमच्या चर्चचे पाळक चांगलंच लिहितील, सर, ते सगळ्यांबद्दल चांगलंच लिहितात. तुम्ही बघून लिहाल." कामाबद्दलचे प्रश्न होते, त्यांची उत्तरं मी अशी लिहिली की वाचणाऱ्यानं त्याला विमान पाठवून न्यावं. शेवटी एक प्रश्न होता. पती आणि पत्नी या दोघांनाही हे पाचारण स्वतंत्रपणे झालं आहे असं तुम्हाला वाटतं का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

देव न मानणाऱ्या माणसाला देवाच्या बोलावण्याची खातरी विचारत होते. दुसऱ्या एखाद्या दिवशी मी यावर आठवडाभर हसलो असतो. मी 'हो' वर टिचकी मारली. का मारली ते सांगतो. मला शांतवन प्रिय होता. त्याचं ते विमान, ते झाड, ते फ्रेंच, सगळं मला आता पाठ झालं होतं, आणि मुलगी जाईल, रमेल, बायका रमतातच, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य मी मनाशी अगदी सहज म्हटलं. कुंदा चष्मा पुसत मागे येऊन उभी राहिली होती. तिनं फॉर्म वाचला.

"बघून केलीत का ही सही?" तिनं विचारलं.

मी फॉर्म पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी सुवार्ताला फोन केला, म्हटलं तूच त्याला सांग. ती म्हणाली, "मी सांगितलं तर तो तिथल्या तिथं थांबेल, काका. माझ्यासाठी थांबेल. मग आयुष्यभर मी त्याला बघायचं, माझ्यासाठी थांबलेला." मग म्हणाली, "तुम्ही खरं लिहा. त्यांनी मला एकटीला विचारलं तर मी खोटं नाही बोलणार." मी 'नाही' वर टिचकी मारली आणि खाली दोन ओळी लिहिल्या, की पत्नीशी स्वतंत्रपणे बोलावं. 

ते बोलले. संस्थेतल्या एका बाईंनी फोन केला, एक दिवस त्याला, दुसऱ्या दिवशी तिला एकटीला. आठवड्याभरात पत्र आलं, फार मायेनं लिहिलेलं, की आम्ही जोडप्यांना अर्ध्या होकारावर पाठवत नाही. शांतवन हँगरच्या मागे, जिथं रिकामी पिंपं ठेवतात तिथं, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि त्यानं चढवलाही नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"काकूंना माहीत होतं. त्या फोनवरच्या बाईंना कळलं. माझ्या घरातली गोष्ट, सर. मला सगळ्यांत शेवटी."

मला बरंच बोलायचं होतं. तिनं सांगू नका म्हटलं होतं, तूच मला बघायला शिकवलंस, वगैरे. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला एवढंच कळलं की मी खरं लिहिलं आणि त्याचं सगळं मोडलं, आणि या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.  तो गेला.

पुढचं सव्वा वर्ष त्यानं माझ्याशी वैर धरलं नाही. वैर धरलं असतं तर बरं झालं असतं. तो वेळेवर यायचा, काम चोख करायचा, विचारलेल्याचं उत्तर द्यायचा. सकाळी "मॉर्निंग, सर" म्हणायचा. जय भीम संपलं. रविवारी ती दोघं यायची बंद झाली. सुवार्ता कुंदाला कधी मधल्या वारी टॅम्पिनीसच्या मार्केटमध्ये भेटायची, घरी येत नव्हती. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. दुसऱ्या सहीसाठी तो तानला बोलवायचा, नव्या मलेशियन पोराला बोलवायचा, मला कधीच नाही. आणि "बघून घ्या" म्हणायचाही बंद झाला. कागद पुढे करायचा, बस. डब्याचं झाकण लागलंय की नाही हेसुद्धा त्यानं कुणाला विचारलं नाही. तान एकदा म्हणाला की आता फार शांत झालं आहे, आणि ते त्यालाही आवडत नव्हतं.

माझ्या निवृत्तीचा दिवस आला. हँगरमध्ये केक कापायचा होता दुपारी तीनला. अकराच्या सुमारास शांतवन माझ्या टेबलाशी आला. हातात टास्क कार्ड, म्हणजे तोच कामाचा कागद. शेपटीतला दांडा.

"जय भीम, सर."

मला जय ख्रिस्त म्हणायला जरा वेळ लागला.

"दुसरी सही हवी होती," तो म्हणाला. "बघून घ्या. मी नव्हतोच असं समजून बघा."

मी वर गेलो. तीन मजले, गुडघ्यासकट, प्रत्येक पायरीवर त्याला आणि विमानाचा शोध लावणाऱ्याला शिव्या घालत. बॅटरी लावली आणि पहिल्या नटापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. सगळं त्याच्या हातचं होतं, म्हणजे बघताना सुख व्हावं असं. शेवटच्या सांध्यापाशी आलो. नट फिरून सैल होऊ नये म्हणून त्यातून एक दोन पायांची पिन आरपार घालतात आणि तिचे दोन्ही पाय वळवून घट्ट दाबतात. एक पाय वळवलेला होता. दुसरा सरळच राहिला होता.

मी तिथं बॅटरी धरून किती वेळ बसलो कोण जाणे. मुद्दाम ठेवलं असेल का, असा विचार क्षणभर आला आणि मलाच लाज वाटली. विमानात खोट मुद्दाम सोडणारा माणूस तो नव्हे. ही त्याची खरीखुरी चूक होती, इतक्या वर्षांत मला सापडलेली पहिली. सव्वा वर्ष तो किती शांत दिसत होता, आणि आतून त्याचा हात हलला होता.

खाली येऊन मी सांगितलं.  तो वर गेला, पिन काढली, नवी घातली, खाली आला आणि नियमाप्रमाणे मी पुन्हा तिन्ही मजले चढून पहिल्या नटापासून सगळं तपासलं. मग सही केली. तो कागदाकडे बघत म्हणाला, "माझ्याकडून झालं हे. तुम्ही वर गेला नसता तर?" नंतर तिथंच, टूलबॉक्सवर बसून, त्याचा बांध फुटला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. केक कापायला बोलवायला आलेला तान दारातूनच परत फिरला.

शांत झाल्यावर त्यानं सांगितलं. त्या पत्रानंतर महिनाभर ती दोघं एका घरात परक्यासारखी राहिली. मग त्यानं तिला विचारलं. "मी म्हटलं, सुवार्ता, मी नाहीच असं समज. माझं लग्न तुझ्याशी झालेलं नाही, मी फोटो दाखवलेला नाही. तुला कुठं राहायचंय? सात दिवस लागले तिला, सर. सात दिवस ती घरात फिरायची आणि मी श्वास धरून. त्या सात दिवसांत मला कळलं, मी तिला आधी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगायचो, ती ऐकायची. मी जगाला म्हणत होतो बघून घ्या, आणि घरात बायकोची आंधळी सही खिशात घालून फिरत होतो. तुमचा राग नव्हता, सर. नंतर नव्हता. लाज होती. तुमच्याकडे आलो की ती दिसायची."

"काय म्हणाली ती सातव्या दिवशी?"

"आह-मा आहे तोवर इथं. मग नगरला, तिच्या आईबापाजवळ. मी हो म्हटलं. बघून म्हटलं."

माझ्या निवृत्तीनंतर काही महिन्यांनी आह-मा गेली. सुवार्ता तिच्या शेवटच्या दिवशी तिच्यापाशीच होती. महिन्याभरात दोघांनी सामान बांधलं. नगरकडे विमान दुरुस्तीचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत त्याला शिकवायची नोकरी मिळाली आहे. आम्ही दोघं चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. सुवार्ता कुंदाच्या गळ्यात पडली. शांतवननं बॅगेची चेन ओढली आणि मला म्हणाला, "बघून घ्या." मी ओढून बघितली.

तिकीट दाखवायला त्यानं मोबाइल काढला, आणि पडद्यावर अजून तोच फोटो होता. झाड, धावपट्टी, उघडं कव्हर. मी विचारलं, मिळाला का कुणी त्यांना? "नाही अजून," तो म्हणाला. "तिथल्या पेशंटना बैलगाडी आणि ट्रकनं आणतात. दोन दिवस लागतात." त्यानं मोबाइल खिशात घातला. "बरोबरच झालं, सर. पण कुणीतरी जायला हवं होतं." मग हात जोडून जय भीम म्हणाला आणि आत गेला. काचेपलीकडे दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. सुवार्तासाठी मी योग्य केलं याबद्दल मला शंका नाही. पण दोन दिवस ट्रकमध्ये कण्हत येणारी ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, आणि जाऊ नयेत असंही मला वाटतं.

विमानतळावरून परतताना एमआरटीत कुंदा खिडकीबाहेर बघत होती. घरी आलो. तिनं साडी बदलली, मेथीची जुडी घेऊन टेबलाशी बसली. मी तिच्यासमोर बसलो. सव्वीस वर्षं झाली होती. मला कायम केल्याचं पत्र आलं आणि त्याच महिन्यात ह्यांचं आलं, हे वाक्य तिनं सुवार्ताला सांगितलं तेव्हा मी तिथंच रस्सा ओरपत बसलो होतो, आणि ते माझ्या कानात आत्ता कुठे पोचत होतं.

"कुंदा," मी म्हटलं, "मी नव्हतोच असं समजून सांग. तुला इथं यायचं होतं का?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, पण मला ती नजर ओळखीची नव्हती.

"आत्ता विचारताय?"

 तिनं एक काडी मोडली, पानं वेगळी केली, काडी बाजूला ठेवली.

"थांबा," ती म्हणाली. "नीट बघून सांगते."

याला आज अकरा दिवस झाले. ती घरात वावरते, फोनवर बोलते, चहा करून पुढे ठेवते. मी काही विचारत नाही. वाट बघतो आहे.